दुपारच्या मालिका: भाग चालू, गोष्ट कधीच संपलेली

वरणफळं (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मालिकांची पिसं काढायचे धागे इथे ढिगाने आहेत, त्यात आणखी एकाची भर कशाला, असं कोणी म्हणायच्या आत सांगते. साड्या, दागिने, झोपतानाचा मेकअप यांच्यासाठी हा धागा नाही. त्यावर लिहून लिहून आपली बोटं झिजली. मला फक्त लेखनाबद्दल बोलायचंय.

आमच्याकडे दुपारी एक ते तीन टीव्ही साबांचा (सासूबाईंचा). मी घरून काम करते, हॉल आणि माझं टेबल यांच्यात फक्त एक पडदा, त्यामुळे बघितलं नाही तरी सगळं ऐकू येतं. आणि नुसतं ऐकून काहीही निसटत नाही! एक वाक्य येतं, मग वीज कोसळल्यासारखं संगीत, मग शांतता (म्हणजे कॅमेरा घरातल्या नऊ तोंडांवरून फिरतोय), मग तेच वाक्य दुसरं कोणीतरी प्रश्न करून विचारतं. "तू घर सोडून चाललीस?" "काय? वहिनी घर सोडून चालली?" "आई, ऐकलंस का, वहिनी घर सोडून चालली!" जाहिराती. परत आल्यावर वहिनी: "हो. मी घर सोडून चालले." भाग संपला. उद्याच्या भागात वहिनी दारातच.

हेही चालवून घेते मी. रोजची बावीस मिनिटं भरायची म्हणजे थोडं दळण आलंच. पुनर्जन्म चालेल, जुळ्या बहिणी चालतील. माझं दुखणं वेगळं आहे. ही पात्रं मागच्या वर्षी जे शिकलेली असतात ते या वर्षी विसरतात. डोक्याला मार लागून नव्हे, कथेच्या सोयीने.

'आई कुठे काय करते' घ्या. डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाली तेव्हा मीसुद्धा पडदा सरकवून बघायचे. घराने आणि नवऱ्याने पंचवीस वर्षं गृहीत धरलेली अरुंधती. अनिरुद्धचं संजनाशी असलेलं प्रकरण कळल्यावर ती मोडून पडते, मग सावरते, घटस्फोट घेते, गाण्याकडे वळते. पुढे आशुतोषशी लग्न करते. मोठाल्या मुलांची आई दुसऱ्यांदा बोहल्यावर चढते आणि आमच्या साबा पंच्याहत्तराव्या वर्षी "बरं केलं हो हिने" म्हणतात, हे त्या लेखनाचं यश होतं.

आणि मग लेखनानेच कच खाल्ली. पहिल्या सासरी, देशमुखांकडे, कोणाला शिंक आली की अरुंधती हजर. ज्या माणसांनी तिला पायपुसणं केलं त्यांच्या सुनांचे, नातवंडांचे, कर्जाचे प्रश्न हिनेच सोडवायचे. शेवटी आशुतोषला मारून टाकलं आणि बाईंना पुन्हा देशमुखांच्या त्याच 'समृद्धी' बंगल्याच्या उंबऱ्यावर आणून उभं केलं. मार्च २०२४ मध्ये संध्याकाळी साडेसातची मालिका दुपारी अडीचला गेली, ३० नोव्हेंबरला बंद झाली. मधुराणी प्रभुलकरांनी शेवटपर्यंत जीव ओतला यात वादच नाही. पण त्या अरुंधतीला पहिली अरुंधती रस्त्यात भेटली असती तर ओळख पटली नसती.

तर प्रश्न असा: तुमच्या मालिकेने नेमक्या कोणत्या वळणावर तुम्हाला गमावलं?

चकलीचा_सोऱ्या

रुमाल टाकून ठेवतेय. कुकर लावून येते.

ताकभात

अगदी अगदी! "उद्याच्या भागात वहिनी दारातच" वाचून ऑफिसात फुटले.

माझं दळण म्हणजे 'ठरलं तर मग'. डिसेंबर २०२२ पासून. सायली हीच खरी तन्वी, म्हणजे लहानपणी हरवलेली मुलगी, आणि प्रिया तोतया, हे आपल्याला माहीत, प्रियाला माहीत. घरात रोज जेवायला एकत्र बसणाऱ्या, वकिली करणाऱ्या, पुरावे गोळा करणाऱ्या माणसांना तेवढं कळत नाही. सुरुवातीला यातच मजा होती. आपल्याला माहीत आहे आणि तिच्या आईला नाही, म्हणून दोघी समोर आल्या की पोटात कालवायचं. जुई गडकरीने ते प्रसंग केलेही सुंदर. पण ते गुपित वर्षानुवर्षं टिकवायचं तर बाकीच्यांना मठ्ठ करावं लागतं, दुसरा उपायच नाही. सत्य सांगायला कोणी तोंड उघडलं की फोन वाजतो. फोन नाही वाजला तर चक्कर येते. पुरावा हातात आला की वारा सुटतो. सायलीचा नवरा अर्जुन सुभेदार, एवढा वकील, कोर्टात एवढा तल्लख आणि घरात पाऊल टाकलं की बुद्धी चपलांबरोबर बाहेर!

तरी बघते. सोडवत नाही हेही खरं.

रात्रपाळी

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, त्यामुळे माझ्या रागाला व्यावसायिक धार आहे. :)

'रंग माझा वेगळा'. २०१९ ते २०२३. दीपाच्या मुली आपल्या नाहीतच असा संशय घेऊन कार्तिक बसला. बसला म्हणजे बसलाच. मुली बोलायला लागल्या, शाळेत गेल्या, भांडायला लागल्या. डीएनए चाचणी म्हणून काही असतं हे त्याच्या गावीच नाही. आणि हा माणूस कोण? डॉक्टर! आमच्या लॅबमध्ये दुपारच्या डब्याला सगळ्यांचा एकच विषय: "आपणच जाऊन याचं सॅम्पल घ्यावं का?" आमचा शिपाईसुद्धा एकदा म्हणाला, मॅडम, गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, एवढंच ना?

आणि मालिकेचा विषय किती खरा होता! सावळ्या मुलीला घरोघरी जे ऐकावं लागतं ते रोज दाखवायची संधी होती. (त्यासाठी गोऱ्या अभिनेत्रीला काळं रंगवलं, तो वेगळाच धागा होईल.) पण तो विषय पहिल्या वर्षातच मागे पडला आणि उरला तो फक्त संशय.

आडवाटेचा

@रात्रपाळी, त्या शिपायाला लेखक म्हणून घ्या. दिवे घ्या (म्हणजे हलकेच घ्या) हो सगळ्यांनी.

शेवंतीची_वेणी

मला 'तुला पाहते रे'ने गमावलं. विक्रांत सरंजामे, म्हणजे सुबोध भावे, खलनायक निघतो हे वळण मला मनापासून आवडलं होतं. वयाने दुप्पट, देखण्या, श्रीमंत माणसाच्या प्रेमात पडलेल्या मुलीची स्वप्नाळू गोष्ट चालू असताना लेखकाने पायाखालची सतरंजी ओढली. आता ही साधीसुधी ईशा या बिलंदर माणसाला कशी पुरी पडणार, म्हणून मी सरसावून बसले. तर काय, ती विक्रांतच्या मेलेल्या पहिल्या बायकोचा, राजनंदिनीचा पुनर्जन्म! म्हणजे ईशाला जे कळायचं ते स्वतःच्या डोक्याने नाही, गेल्या जन्मीच्या आठवणींनी कळणार. घ्या. मुलीला स्वतःची अक्कल वापरायची एक संधी आली होती, तीही दुसऱ्या बाईला देऊन टाकली.

'सुख म्हणजे नक्की काय असतं' तर त्याच्या पुढे गेली. जयदीप-गौरीची गोष्ट संपली, लोकांचा लोभ संपला नाही, मग दोघांना मारलं आणि काळ पुढे सरकवून तीच जोडी नव्या नावांनी परत. अधिराज आणि नित्या.

जुनं_ते_जुनंच

थांबा जरा मंडळी. आधी तरी कुठे सोनं लागून गेलं होतं?

मी निवृत्त माणूस आहे, मला वेळच वेळ आहे आणि स्मरणशक्ती शाबूत आहे. ईटीव्हीवरची 'चार दिवस सासूचे' २००१ ते २०१३ चालली, तीन हजारांहून जास्त भाग. त्यात काय प्रत्येक भागात नाट्य ओसंडत होतं? 'होणार सून मी ह्या घरची' लोक डोक्यावर घेऊन नाचले. त्यातल्या जान्हवीचं बाळंतपण इतकं लांबलं की तेव्हा मोबाईलवर दुसरे विनोदच येत नव्हते. तिची स्मृतीही गेली होती, विसरलात? 'माझ्या नवऱ्याची बायको'तल्या राधिकेने मसाले विकून तीनशे कोटींची कंपनी उभी केली, तीही मुलाचा डबा भरता भरता. आपण जुन्या मालिकेचं पहिलं वर्ष आठवतो आणि नव्या मालिकेचं शेवटचं वर्ष बघतो, आणि म्हणतो दर्जा घसरला.

दुसरं. दुपारची मालिका ही बघायची नसते, सोबतीला लावायची असते. आमच्याकडे त्या वेळात शेंगा सोलणं, दाराची बेल, गॅसवाला, नातवाचा फोन, सगळं चालू असतं. एकच गोष्ट तीनदा सांगितली म्हणून आमच्या हिला कळतं तरी. तुम्ही पडद्यामागून ऐकून चिडता, कारण तुम्ही त्या मालिकेच्या प्रेक्षक नाहीच मुळी.

चकलीचा_सोऱ्या

कुकर झाला. काका, राधिका मसालेला काही बोलायचं नाही हं! ते आमचं आनंदाचं निधान होतं. राधिका वऱ्हाडी ठसक्यात नवऱ्याच्या त्या शनायाला सुनवायची तेव्हा आमच्या अमरावतीच्या मावशी टीव्हीला टाळी द्यायच्या.

बाकी तुमचा शेंगांचा मुद्दा मान्य.

वरणफळं

@जुनं_ते_जुनंच काका, तीनदा सांगण्याला माझी हरकत नाहीच, वर लिहिलंय तसं. माझी हरकत विसरण्याला आहे. 'आभाळमाया'ही लांबली, पण सुधा जोशी ही शेवटपर्यंत सुधा जोशीच होती. संकटात ती काय करेल याचा अंदाज आपल्याला यायचा, आणि तसं तिने केलं की बरं वाटायचं. शेंगा सोलत सोलतसुद्धा माणसाला हे कळतं. आमच्या साबांना कॅमेरा, पटकथा वगैरेंतलं काही कळत नाही. पण अरुंधती परत देशमुखांकडे गेली त्या दिवशी त्यांनी रिमोट उचलला, आवाज बंद केला आणि म्हणाल्या, "ही असं करणार नाही." चार वर्षं रोज भेटलेल्या बाईबद्दल त्यांचं मत होतं ते. प्रेक्षक नाही म्हणता त्यांना?

पडीक_लेखणी

बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, पण हा धागा बघून राहवलं नाही. काही वर्षं संवाद लिहिण्याची कामं केली आहेत. वाहिनी, मालिका, माणसं, कोणाचंच नाव घेणार नाही, अंदाजही बांधू नका.

आधी हे लक्षात घ्या की 'लेखक' नावाचा एक माणूस नसतोच. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, आणि या तिघांच्या वर वाहिनीची आणि निर्मात्याची माणसं. पटकथावाला प्रसंगांची यादी करतो: पहिला प्रसंग स्वयंपाकघर, अमुकला तमुक कळतं. संवादवाला त्यात बोलणं भरतो. कथा कुठे जाणार हे त्याला तुमच्याइतकंच माहीत असतं.

कोणती मालिका किती लोक बघतात ते मोजणारी बार्क नावाची संस्था आहे, दर गुरुवारी तिचे आकडे येतात. आकडे पडले की दुपारपर्यंत पुढचा ट्रॅक बदललेला. आणि सगळ्यात आधी ठरतो प्रोमो. "नायिका भर मंडपात कानाखाली मारते." कोणाच्या? का? ते नंतर बघू. प्रोमो चालला की त्या कानाखालीपर्यंत पोचायचा रस्ता आम्ही बांधायचा. तुम्हाला पात्रं वेड्यासारखी वागताना दिसतात ना, ती त्या रस्त्यावर धावत असतात.

सुरुवातीला हातात आधीच तयार करून ठेवलेल्या भागांची बँक असते. महिना दोन महिन्यांत ती आटते. मग सकाळी कलाकार मेकअपला बसलेले आणि आम्ही व्हॉट्सॲपवर प्रसंग पाठवतोय. कोणाच्या तारखा नाहीत, ती व्यक्ती गावाला. लहान मुलाची परीक्षा, ते मामाकडे. एप्रिल २०२१ ला महाराष्ट्रात चित्रीकरण बंद झालं तेव्हा युनिटं गोवा, दमण, सिल्व्हासाला पळाली आणि आम्हाला एका रात्रीत अख्खी कुटुंबं कुठल्यातरी रिसॉर्टवर का राहायला आली याची कारणं शोधावी लागली. मे महिन्यात गोव्यानेही परवानग्या थांबवल्या, की नवी कारणं!

आता जे सांगतो ते मला अजून टोचतं. एक सासू-सुनेचा गैरसमज महिनाभर चालला होता. मी एक प्रसंग लिहिला. दोघी गच्चीवर वाळलेले कपडे काढतायत. सासू मुकाट्याने सुनेच्या साडीची घडी घालून तिच्या हातात देते आणि म्हणते, "त्या दिवशी मी जास्त बोलले." सून म्हणते, "मीही तुम्हाला विचारायला हवं होतं." बस, एवढंच. दिग्दर्शकाला आवडला, कलाकारांना आवडला. वरून फोन आला: "या आत्ताच बोलल्या तर पुढचे तीन आठवडे काय दाखवायचं?" त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण पुढची गोष्ट कोणीच ठरवली नव्हती. मग सासू "त्या दिवशी मी" एवढं म्हणते आणि खालून कोणीतरी हाक मारतं, असं केलं. ताकभात, तो फोन आणि ती चक्कर आम्ही हौसेने नाही लिहीत. दोन माणसांना एकमेकांशी नीट बोलू न देणं, हेच काम असतं.

ताकभात

बापरे. म्हणजे गच्चीवरचा तो प्रसंग कुठेच आला नाही?

पडीक_लेखणी

नाही.

अजून एक, धागाकर्तींच्या मालिकेबद्दल. हे बाहेरून बघणारा म्हणून सांगतोय, त्या मालिकेशी माझा संबंध नव्हता. 'आई कुठे काय करते' ही 'श्रीमोयी' या बंगाली मालिकेवरून आली. हिंदीतली 'अनुपमा'ही तिथूनच. 'रंग माझा वेगळा' मल्याळममधून, 'ठरलं तर मग' तमिळमधून. आयत्या कथेवर मालिका करताना पहिली दोन वर्षं पायाखाली रस्ता असतो. मूळ गोष्ट कुठे वळली, कुठे लोक रडले, सगळं आधी तपासलेलं. 'श्रीमोयी' २०२१ च्या अखेरीस संपली. मराठी मालिका त्यानंतर जवळपास तीन वर्षं चालली. आता तुमच्या साबांचा रिमोट कोणत्या काळात उचलला गेला ते बघा.

वरणफळं

हे डोक्यातच आलं नव्हतं! म्हणजे ज्या दोन वर्षांचे आम्ही गोडवे गातो ती कोलकात्यात आधीच लिहून झालेली होती?

पडीक_लेखणी

सगळी नाही हो. सांगाडा तिकडचा, माणसं इकडची. 'समृद्धी' बंगला, सासरे अप्पा, सासू कांचनच्या तोंडचे टोमणे, हे बंगालीतून उचलून चालत नाही. मुग्धा गोडबोलेंचे संवाद होते त्या मालिकेला, आणि मध्यमवर्गीय घरातली बाई कशी बोलते हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. पण संवाद कितीही चांगले असोत, माणूस चुकीच्या दारात उभं असेल तर ते काय बोलणार?

गडहिंग्लज_एक्सप्रेस

आमच्याकडचं पण ऐका की जरा.

२०१५ च्या ऑक्टोबरपासनं बार्कच्या आकड्यांत खेडी धरायला लागले. त्याच्या पुढच्याच वर्षापासनं बघा, मालिका मुंबई-पुणं सोडून गावात आल्या. 'तुझ्यात जीव रंगला' कोल्हापुरात, 'लागिरं झालं जी' साताऱ्यात, 'रात्रीस खेळ चाले' कोकणात. आम्हाला भारी वाटलं. पहिल्यांदा टीव्हीतली माणसं आमच्यासारखी बोलाय लागली. 'लागिरं'चं लेखन तेजपाल वाघांचं, तिकडचाच माणूस, म्हणून त्यातली भाषा कानाला खटकायची नाही. 'रात्रीस'ला प्रल्हाद कुडतरकर, स्वतः पांडू झालेला. त्याचं 'इसारलंय' ऐकून आमची पोरं शाळेत गृहपाठाला तेच उत्तर द्यायची.

पण पुढं काय झालं? 'तुझ्यात जीव रंगला'तल्या राणादाचं 'चालतंय की' गाजलं आणि मग राणादा म्हणजे तेवढंच उरलं. सुरुवातीला तो तालमीतला लाजरा गडी होता, शिकलेल्या बायकोपुढं बावरणारा, तिच्याकडनं शिकणारा. नंतर नंतर तो किती का शिकंना, अडचण आली की पुन्हा भोळा. शिकला तर गोष्ट संपंल ना!

आणि आता दुपारी लावा कुठलीबी गावाकडची मालिका. कुठलं गाव, कुठला जिल्हा, पत्ताच नाही. सगळी जण "व्हय" आणि "न्हाय" लावून पुण्याचं मराठी बोलत्यात. कोल्हापूरचा माणूस बार्शीसारखा आणि बार्शीचा कुणासारखाच नाही. गाव कुठलं ते ठरलं नाही तर तिथली भांडणं कशावरनं व्हायची तेबी ठरत नाही. आमच्यात बांधावरनं होत्यात, पाण्याच्या पाळीवरनं होत्यात, सोसायटीच्या निवडणुकीवरनं होत्यात. मालिकेत सगळी भांडणं मंगळसूत्रावरनं.

शेवंतीची_वेणी

@गडहिंग्लज_एक्सप्रेस, शेवटच्या वाक्याला साष्टांग दंडवत.

न्यूजर्सीची_थंडी

इकडची थोडी खबर देते. दुपारच्या मालिका हा अमेरिकेचा जुना उद्योग. नव्वदच्या दशकात आपल्याकडे स्टार प्लसवर 'बोल्ड अँड द ब्यूटिफुल' लागायची आणि आपण पालकांच्या चोरून बघायचो, त्याच कुळातल्या. 'जनरल हॉस्पिटल' १९६३ पासून अजून चालू आहे. 'गायडिंग लाइट' तर १९३७ मध्ये रेडिओवर सुरू झाली, १९५२ मध्ये टीव्हीवर आली, २००९ मध्ये बंद पडली. आता मोजक्याच उरल्यात. 'डेज ऑफ अवर लाइव्हज' २०२२ मध्ये टीव्ही सोडून ॲपवर गेली.

माझ्या शेजारी एक सत्तरीच्या बाई राहतात, त्या 'जनरल हॉस्पिटल' तरुणपणापासून बघतात. मेलेली माणसं परत येणं तिकडे इतकं रोजचं की त्या ढिम्म हलत नाहीत. पण मुख्य लेखक बदलला की मात्र त्यांना आठवडाभरात वास येतो. नावानिशी! "हा आल्यापासून जुनी पात्रं दिसतच नाहीत, परवा अमुकने तमुकला ओळखलं नाही, १९८० च्या दशकात त्यांचं लग्न झालं होतं." शिव्या देतात त्या लेखकाला.

आपल्याकडे शिव्या कोण खातं? संजनाचं काम करणारी रूपाली भोसले, अनिरुद्धचं काम करणारे मिलिंद गवळी. कथा पटली नाही की लोक कलाकाराच्या फोटोखाली जाऊन वाट्टेल ते लिहून येतात. ज्याने ते लिहिलं त्याचं नाव आपल्याला माहीतही नसतं, कारण श्रेयनामावली पापणी लवायच्या आत निघून जाते.

चकलीचा_सोऱ्या

+१००. आपण इथे सुद्धा 'संजना किती वाईट' असंच लिहितो, 'संजनाला किती वाईट लिहिलंय' असं नाही.

जुनं_ते_जुनंच

पडीक_लेखणी यांचा गच्चीचा प्रसंग हिला वाचून दाखवला. ती म्हणाली, "हा लावला असता तर मी शेंगा बाजूला ठेवल्या असत्या."

तरी माझा मूळ मुद्दा सोडत नाही. संपणारी मालिका लिहा की मग! २०१२ मध्ये 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' आली, घना-राधाची, वर्षाच्या आत गोष्ट सांगून मोकळी झाली. लोक अजून नाव काढतात. मग तसं पुन्हा का होत नाही?

पडीक_लेखणी

होतं अधूनमधून. पण नव्या मालिकेला सेट, जाहिरात, नवी तोंडं लोकांच्या ओळखीची होईपर्यंतचा काळ, सगळा खर्च अंगावर. चालू मालिकेचं घर बांधून तयार असतं. काका, चालणारं दुकान कोण बंद करतो? तुमच्या घना-राधाच्या मालिकेला वाहिनीने दाखवलेला धीर मोठा होता, आणि तेव्हाची स्पर्धाही आजच्यासारखी नव्हती. संध्याकाळी पडलेली मालिका दुपारी नेता येते, हा आता एक जास्तीचा मार्ग झालाय. पूर्वी तिथे ती संपायची.

आडवाटेचा

म्हणजे दुपार हा मालिकांचा वृद्धाश्रम?

वरणफळं

नाही हं, हे मला मान्य नाही. 'मुरांबा' दुपारी दीडलाच सुरू झाली, २०२२ मध्ये, आणि तेव्हा ती छान ताजी होती. रमा आणि अक्षय एकमेकांशी बोलायचे, ऐकायचेही. साबा आणि मी दोघी बघायचो. पुढे गैरसमज, दुरावा, समेट, पुन्हा गैरसमज, आणि २०२५ मध्ये सात वर्षांची उडी. उडी घेतली तेव्हा मला खरं म्हणजे आशा वाटली होती. सात वर्षांत माणूस बदलतो, काही गोष्टी त्याला कळून चुकतात, लेखकाला कोरी पाटी मिळते. पण सात वर्षांनीही दोघांना एकमेकांबद्दल तेवढंच कळलेलं, जेवढं आदल्या भागात होतं. उडी कॅलेंडरने मारली, माणसं जागेवर.

रात्रपाळी

तक्रार करता येते का कुठे? मी मनापासून विचारतेय. एखादं निवेदन, सह्यांची मोहीम?

पडीक_लेखणी

वाहिन्यांच्या मजकुराबद्दल तक्रारी ऐकायला बीसीसीसी नावाची परिषद आहे, २०११ पासून. पण तिथे हिंसा, अश्लीलता, अंधश्रद्धा, बायकांचं विकृत चित्रण अशा गोष्टी चालतात. कंटाळा हा आक्षेपार्ह मजकूर धरत नाहीत. आणि समाजमाध्यमांवर तुम्ही कितीही पिसं काढा, वाहिनीला त्याचा आनंदच होतो. चर्चा आहे म्हणतात.

मोजतात ते फक्त मीटरच्या घरांतलं. देशभरात पन्नास हजारांहून थोडी जास्त घरं आहेत ज्यांच्या टीव्हीला बार्कचं यंत्र जोडलेलं असतं. ती कोणती हे गुप्त. त्या घरातल्या कोणी चॅनल बदललं तर गुरुवारी आकडा हलतो. बाकी आपण सगळ्यांनी टीव्ही खिडकीतून खाली फेकला तरी कोणाला पत्ता लागणार नाही.

ताकभात

म्हणजे अर्जुन-सायलीचं भवितव्य कुठल्यातरी अनोळखी आजींच्या रिमोटवर!

गडहिंग्लज_एक्सप्रेस

त्या आजी आमच्या तालुक्यातल्या असल्या तर सांगा. जाऊन समजूत काढतो.

न्यूजर्सीची_थंडी

निदान एवढं करू या का? यापुढे कुठल्याही मालिकेवर इथे लिहिताना त्या आठवड्याचं कथा-पटकथा-संवाद कोणाचं होतं ते वर लिहायचं. चांगलं झालं तरी आणि वाईट झालं तरी. ॲपवर भाग थांबवून नावं वाचता येतात.

चकलीचा_सोऱ्या

मी करते सुरुवात. 'ठरलं तर मग'चा आजचा भाग रात्री बघेन आणि नावं टिपून टाकेन. ताकभात, तू उद्याचं घे.

ताकभात

घेतलं. पण हे मा शे पो (माझी शेवटची पोस्ट), नाहीतर बॉस इथे येऊन बघेल.

वरणफळं

चालेल, हेडरमध्ये तक्ता करून टाकते. साबांना आत्ताच विचारलं, आपल्याकडे टीव्हीला कोणी काही यंत्र लावून गेलंय का. म्हणाल्या, "केबलवाला परवा काहीतरी लावून गेला खरा, पण त्याने तर सगळंच बंद पडलंय."